आरोग्य आणि कुटुंब : आतड्याचा कर्करोग आणि किरणोपचार

कर्करोगावर शस्त्रक्रिया, औषधे आणि किरण असे तीन प्रमुख उपाय आहेत, ही गोष्ट आता बहुतेक सुशिक्षित कुटुंबांना ठाऊक झाली आहे. यांपैकी किरणोपचारास आपल्याकडे बोलण्यात 'शेक देणे' किंवा 'लाईट देणे' असे म्हटले जाते. या शब्दांमुळेच की काय, शेक हा प्रत्येक कर्करोगाच्या उपचारातील ठरलेला टप्पा असावा, असा पुष्कळांचा समज असतो. मग एका घरी आतड्याच्या कर्करोगासाठी पाच आठवडे शेक देण्यात आले आणि दुसऱ्या घरी त्याच रोगासाठी मुळीच दिले गेले नाहीत, असे आढळले की नातलगांच्या मनात शंकेला जागा होते. आपल्या रुग्णाकडे दुर्लक्ष तर झाले नाही ना? पैशाअभावी एखादा उपाय राहून तर गेला नाही ना? याच्या उलट, ज्यांना शस्त्रक्रियेपूर्वी किरण घेण्यास सांगितले जाते त्यांना वाटते की, गाठ आधी काढून टाकायची सोडून डॉक्टर वेळ का घालवीत आहेत?

या दोन्ही शंकांचे उत्तर एकाच गोष्टीत आहे, आणि ती म्हणजे गाठीची नेमकी जागा. आतड्यातील काही इंचांच्या अंतराने उपचाराची सारी आखणी बदलते. ही एक गोष्ट नीट समजली, तर कुटुंबाचा पुष्कळसा मनस्ताप वाचेल आणि योग्य वेळी योग्य निर्णय घेणे सुलभ होईल.

एकच आतडे, परंतु दोन प्रदेश

आपले मोठे आतडे सुमारे पाच फूट लांबीचे असते. पोटाच्या उजव्या बाजूस खालून त्याचा आरंभ होतो. तेथून ते वर चढते, आडवे जाते, डाव्या बाजूने खाली उतरते आणि शेवटी कटिभागात शिरते. कटिभागातील शेवटच्या सुमारे बारा ते पंधरा सेंटिमीटर लांबीच्या भागास गुदाशय म्हणतात. दोन्ही भागांतील कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा सारख्याच दिसतात, आणि औषधेही पुष्कळ अंशी तीच वापरली जातात. त्यामुळे बोलताना दोहोंस 'आतड्याचा कर्करोग' असेच म्हटले जाते. किरणोपचाराच्या दृष्टीने मात्र हे दोन निरनिराळे प्रदेश आहेत.

मोठ्या आतड्याचा वरचा भाग पोटाच्या प्रशस्त पोकळीत असतो. तेथे शल्यविशारदास गाठीच्या दोन्ही बाजूंचे पुरेसे निरोगी आतडे, तसेच त्यास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आणि त्यांच्या लगतच्या लसिकाग्रंथी एकत्रितपणे काढता येतात. आतड्याची उरलेली दोन टोके पुन्हा जोडता येतात. अशी शस्त्रक्रिया नीट पार पडल्यावर रोग नेमका त्याच जागी उलटण्याचा धोका पुष्कळच कमी असतो. रोग परतलाच, तर तो बहुधा यकृतात किंवा फुप्फुसात परततो; आणि त्यास आवर घालण्यास सर्व शरीरात पसरणारे औषध हवे, एका जागी पडणारे किरण नव्हेत.

गुदाशयाची गोष्ट वेगळी आहे. तो हाडांच्या अरुंद कोंदणात बसलेला असतो. त्याच्यापुढे मूत्राशय असते. स्त्रियांत गर्भाशय व योनिमार्ग आणि पुरुषांत पुरःस्थ ग्रंथी त्यास लागून असते. मागे माकडहाड, आणि दोन्ही बाजूंस मूत्रविसर्जन व लैंगिक क्रिया यांचे नियंत्रण करणाऱ्या नाजूक नसा. येथे गाठीभोवती मोकळी जागा सोडून कापणे कठीण असते. पूर्वी अशा रुग्णांपैकी पुष्कळांना कटिभागातच रोग पुन्हा होई, आणि त्याच्या वेदना फार तीव्र असत. १९८२ साली इंग्लंडमधील शल्यविशारद बिल हील्ड यांनी गुदाशय त्याच्या भोवतीच्या चरबीच्या वेष्टनासह अखंड काढण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून या परिस्थितीत मोठी सुधारणा झाली. दुसरी सुधारणा किरणोपचाराने घडवून आणली.

वरच्या आतड्यास किरण सहसा का देत नाहीत

किरण कर्कपेशींच्या केंद्रातील जननद्रव्याचे धागे तोडतात. निरोगी पेशींचेही ते धागे तुटतात. परंतु निरोगी पेशी ते सांधण्यात अधिक कुशल असतात. रोज थोडी थोडी मात्रा देण्याचे कारण हेच. तरीही प्रत्येक अवयवाच्या सोसण्यास मर्यादा असते, आणि लहान आतडे हे त्या बाबतीत फार हळवे आहे. मोठ्या आतड्याच्या वरच्या भागाभोवती लहान आतड्याची वेटोळी असतात. उजवीकडे यकृत व मूत्रपिंडही जवळच असते. शिवाय आतड्याचा बराचसा भाग श्वासाबरोबर, अन्नाबरोबर आणि वायूबरोबर हलत राहतो. आज ज्या ठिकाणी नेम धरला तेथे गाठ उद्या असेलच, याची शाश्वती नसते. गुदाशय मात्र एका जागी बसलेला असल्याने तेथे नेम धरणे सोपे जाते.

शस्त्रक्रियेनंतर औषधांना किरणांची जोड दिल्याने वरच्या आतड्याच्या रुग्णांचा लाभ होतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. किरणांमुळे आयुर्मान वाढल्याचे तीत दिसून आले नाही. ७०० रुग्ण घेण्याचा संकल्प असता २२२ च रुग्ण मिळाल्याने ही चाचणी अखेरचा शब्द ठरत नाही. तथापि आजवरच्या अनुभवाचा कल तोच आहे. यास्तव मोठ्या आतड्याच्या वरच्या भागात गाठ असलेल्या रुग्णास शेक दिले नाहीत, तर कुटुंबाने त्यात हयगय पाहू नये. तेथे चांगली शस्त्रक्रिया आणि गरजेप्रमाणे रसायनोपचार हाच बहुधा योग्य मार्ग असतो.

यास काही अपवाद आहेत. गाठ पोटाच्या भिंतीस, मूत्राशयास किंवा अन्य अवयवास चिकटून राहिली असेल आणि ती पूर्णपणे निघणे संशयास्पद असेल, तर तेवढ्या जागेपुरते किरण देण्याचा विचार होतो. काही मोजक्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया चालू असतानाच उघड्या जागेवर किरण देण्याची सोय आहे. रोग हाडांत उतरून वेदना होत असतील, तर ८ ग्रे एवढी मात्रा एकाच बैठकीत दिल्याने पुष्कळ रुग्णांस आराम पडतो. (ग्रे हे किरणमात्रेचे माप होय.) गाठीतून सतत रक्त जात असेल तर तेही किरणांनी आटोक्यात आणता येते. यकृतात किंवा फुप्फुसात एक-दोन लहान गाठी असून शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर तीन ते पाच बैठकींत अतिशय नेमके व जोरदार किरण देण्याची पद्धत आहे.

यकृताच्या रक्तवाहिनीतून यिट्रियम-९० या किरणोत्सर्गी द्रव्याचे सूक्ष्म मणी सोडणे हाही एक उपाय आहे. तो आकर्षक वाटतो आणि खर्चिकही आहे. परंतु पहिल्याच रसायनोपचारास त्याची सरसकट जोड दिल्याने एकंदर आयुर्मान वाढत नाही, असे २०१७ साली तीन चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले. यास्तव निवडक रुग्णांखेरीज त्याचा आग्रह धरू नये.

गुदाशयात किरण आधी, शस्त्रक्रिया नंतर

गुदाशयाची गाठ भिंतीच्या आरपार गेली असेल किंवा लगतच्या लसिकाग्रंथींत रोग पोहोचला असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी किरण देणे ही अनेक वर्षांची मान्य पद्धत आहे. स्वीडनमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी एक आठवडा किरण दिलेल्या रुग्णांत पाच वर्षांच्या आत त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा ११ होते. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत ते शेकडा २७ होते.

किरण आधी द्यावेत की नंतर, या प्रश्नाचा निर्णय जर्मनीतील चाचणीने २००४ साली दिला. आधी किरण व औषध दिलेल्यांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण पाच वर्षांत शेकडा ६ आढळले, तर नंतर दिलेल्यांत शेकडा १३. आणि आधी दिल्याने तीव्र त्रासही कमी झाला. याचे कारण समजण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीचा रक्तपुरवठा शाबूत असतो, आणि प्राणवायू मिळणाऱ्या पेशींवर किरणांचा परिणाम अधिक होतो. शस्त्रक्रियेनंतर कटिभागातील रिकाम्या जागेत लहान आतडे उतरून बसते आणि ते किरणांच्या मार्गात येते. म्हणून "आधी गाठ काढा, मग शेकाचे पाहू" असा जो आग्रह घरातील वडीलधारी माणसे काळजीपोटी धरतात, तो रुग्णाच्या हिताचा नसतो. घाईने शस्त्रक्रिया झाली, तर ही संधी पुन्हा मिळत नाही.

किरण देण्याचे दोन क्रम रूढ आहेत. पहिल्या क्रमात रोज ५ ग्रे याप्रमाणे पाच दिवसांत २५ ग्रे देतात. दुसऱ्यात पाच ते साडेपाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज लहान मात्रा देऊन एकूण ४५ ते ५० ग्रेच्या आसपास पोहोचतात आणि त्याबरोबर बहुधा कॅपेसिटाबीन नावाच्या गोळ्या देतात. या गोळ्यांमुळे कर्कपेशी किरणांना अधिक बळी पडतात. दूरगावाहून येणाऱ्या कुटुंबास पाच दिवसांचा क्रम अर्थातच सोयीचा असतो. परंतु निवड सोयीवर नव्हे, तर गाठीच्या स्वरूपावर व्हावयास हवी. गाठ फार मोठी किंवा चिकटलेली असेल, तर लांब क्रम अधिक पसंत केला जातो.

अलीकडे किरण आणि संपूर्ण रसायनोपचार हे दोन्ही शस्त्रक्रियेपूर्वीच उरकण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी स्वीकारली गेली आहे. याच्या उलट, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत असे आढळले की, गाठ फार खाली नसून मलद्वार वाचविता येण्याजोगे असेल, अशा निवडक रुग्णांना आधी रसायनोपचार देऊन, त्यास चांगला प्रतिसाद मिळाल्यास किरण वगळता येतात. म्हणजे गुदाशयाच्या बाबतीतही 'सर्वांना शेक' हा नियम आता राहिलेला नाही.

शस्त्रक्रिया टळू शकते काय

गाठ अगदी खाली, मलद्वाराच्या स्नायूंजवळ असेल, तर शस्त्रक्रियेत मलद्वार काढून पोटावर कायमचा मार्ग करावा लागतो आणि पिशवी बाळगावी लागते. अनेक रुग्णांना मृत्यूपेक्षा या पिशवीची भीती अधिक वाटते. प्रस्तुत विषयात खरी आशेची बातमी याच ठिकाणी आहे. ब्राझीलमधील शल्यविशारद अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ साली असा अनुभव प्रसिद्ध केला की, किरण व औषधांनंतर काही रुग्णांची गाठ पूर्णपणे नाहीशी होते, आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया न करता बारकाईने लक्ष ठेवता येते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत किरण व रसायनोपचार दोन्ही घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचा गुदाशय तीन वर्षांनंतरही शाबूत राहिला. लहान गाठींसाठी मलद्वारातून नळी घालून आतूनच किरण देण्याची पद्धतही काही ठिकाणी वापरली जाते.

परंतु शस्त्रक्रिया टाळणे म्हणजे रुग्णालय सोडणे नव्हे. पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बिणीने तपासणी आणि एमआरआय करावा लागतो. काही रुग्णांत गाठ पुन्हा वाढते. ती वेळीच ध्यानात आली, तर त्या वेळी शस्त्रक्रिया करता येते. ज्यास नियमितपणे येणे शक्य नाही, त्याने हा मार्ग स्वीकारू नये.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. थोड्या रुग्णांच्या गाठीत जननद्रव्यातील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असते. अशा गुदाशयाच्या १२ रुग्णांना अमेरिकेत डोस्टारलिमॅब हे शरीराची प्रतिकारशक्ती जागविणारे औषध देण्यात आले, आणि बाराही जणांची गाठ किरण व शस्त्रक्रिया यांवाचून नाहीशी झाली, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. असे रुग्ण थोडे असतात आणि ही औषधे महाग आहेत. तरीही गाठीच्या तुकड्याची ही तपासणी उपचारापूर्वी झाली आहे की नाही, एवढे अवश्य विचारावे.

उपचाराच्या दिवसांत

किरण देण्यापूर्वी सीटी यंत्रावर रुग्णास निजवून आखणी करतात आणि कातडीवर लहान खुणा करतात. त्या पुसू नयेत. प्रत्यक्ष उपचारास दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि वेदना होत नाहीत. बाहेरून किरण देणाऱ्या यंत्राने रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. त्याने नातवंडास मांडीवर घ्यावे, घरच्यांबरोबर जेवावे, त्यात कसलाही धोका नाही. पुष्कळदा मूत्राशय भरलेले ठेवून येण्यास सांगतात, कारण भरलेले मूत्राशय लहान आतड्यास वर ढकलते व किरणांपासून वाचविते. पाणी पिण्याच्या या साध्या सूचनेचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, वारंवार लघवी, मलद्वाराभोवती जळजळ आणि थकवा येऊ शकतो. अशा वेळी मऊ भात, मुगाचे वरण, ताक, पिकलेले केळे असा हलका आहार द्यावा. तिखट, तळलेले व फार चोथ्याचे पदार्थ काही दिवस टाळावेत. पाणी भरपूर द्यावे. कोमट पाण्यात बसल्याने जळजळ कमी होते. हळद, तेल किंवा कोणताही लेप डॉक्टरांस विचारल्यावाचून लावू नये. जुलाब फार वाढले, ताप आला किंवा तळहात-तळपाय लाल होऊन सोलू लागले, तर त्याच दिवशी कळवावे. परंतु स्वतःच्या मनाने उपचार मध्येच सोडू नयेत. खंड पडल्यास उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो.

काही परिणाम मागाहून दिसतात. शौचास एकाएकी व वारंवार जावे लागणे, लैंगिक क्रियेत अडचण, स्त्रियांत योनिमार्ग आखडणे हे त्यांपैकी होत. कटिभागातील किरणांमुळे बीजांडकोशांचे कार्य थांबून पाळी कायमची जाऊ शकते. पुरुषांतही संतती होण्यास बाधा येऊ शकते. आपल्याकडे हा रोग तरुण वयातही आढळतो. ज्या दांपत्यास अद्याप मूल हवे आहे, त्यांनी संकोच बाजूस ठेवून किरण सुरू होण्यापूर्वीच ही गोष्ट डॉक्टरांपुढे काढावी. वीर्य किंवा स्त्रीबीज जतन करणे, बीजांडकोश शस्त्रक्रियेने वर सरकविणे असे उपाय आधीच करता येतात. नंतर त्यांचा उपयोग नाही.

आधी विचारावयाचे प्रश्न

पहिल्या भेटीत पुढील गोष्टी एका कागदावर लिहून न्याव्यात. गाठ मलद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे? ती गुदाशयात असेल तर कटिभागाचा एमआरआय झाला आहे काय? शल्यविशारद, किरणतज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञ या तिघांनी एकत्र विचार केला आहे काय? किरण सुचविले असतील तर त्यांचा हेतू काय, रोग बरा करणे, मलद्वार वाचविणे की वेदना कमी करणे? आणि किरण दिले नाहीत तर काय होईल? यांतील शेवटचा प्रश्न विचारण्यास लोक भितात. परंतु त्याच्या उत्तरानेच मनातील गोंधळ फिटतो.

उपचार कोठे घ्यावेत, हाही प्रश्न असतोच. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्य करीत आहे, आणि आता त्या संस्थेची रुग्णालये वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टणम, मुझफ्फरपूर अशा ठिकाणीही आहेत. २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने देशभरातील अनेक केंद्रे एकत्र आणली असून ती समान उपचारपद्धती पाळण्याचा प्रयत्न करतात. तेव्हा पाच-सहा आठवडे परक्या शहरात राहण्यापूर्वी आपल्या राज्यातील केंद्राची चौकशी अवश्य करावी. २०१८ पासून चालू असलेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षास पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आणि २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांस उत्पन्नाची अट नाही. कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी प्रवास करताना, आणि त्याच्या एका सोबत्यासही, रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. गुदाशयाची गाठ आरंभीच, भिंतीतून बाहेर पडण्यापूर्वी सापडली, तर बहुधा केवळ शस्त्रक्रियेने भागते आणि किरणांची गरजच पडत नाही. परंतु शौचावाटे रक्त गेले की आपल्याकडे ते मूळव्याधीचे म्हणून सोडून दिले जाते. घरच्या उपायांत महिने जातात, आणि स्त्रिया तर संकोचाने त्याचा उच्चारही करीत नाहीत. रक्त जाणे, शौचाची सवय बदलून ती तीन-चार आठवडे तशीच राहणे, किंवा उतारवयात कारणावाचून रक्त कमी होणे, यांपैकी काहीही घडल्यास डॉक्टरांकडून बोटाने तपासणी आणि त्यांनी सांगितल्यास दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. मूळव्याध निघाली तर काळजी मिटेल. गाठ निघाली, तर निदान उपचाराचे सारे मार्ग आपल्यापुढे खुले असतील.